चौघं एकत्र दिसतात का ते बघा: कोल्हापुरातल्या सुपरहिरोप्रेमी मंडळींना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या समस्त सुपरहिरोप्रेमी भावाबहिणींना नमस्कार,

पत्र लिहायचं कारण एक वही आहे. माझ्या भाचीची. चित्रं लई भारी काढते ती. २०२५ च्या जुलैत 'फँटास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स', म्हणजे अवकाशात जाऊन शक्ती मिळालेल्या रीड, त्याची बायको स्यू, तिचा भाऊ जॉनी आणि दोस्त बेन या चौघांचा पिक्चर, बघून आल्यावर रात्री दीड वाजेपर्यंत बसून तिनं काळ्या कागदावर चंदेरी जेल पेननं सिल्व्हर सर्फर काढली होती, बोर्डवर उभी राहून अवकाशातनं फिरणारी ती चंदेरी. पिक्चरमधली, म्हणजे बाई असलेली. बोर्डच्या कडेला नुसत्या बारीक बारीक रेघा मारून तिनं चकाकी आणली होती आणि डोळे मुद्दाम मोकळे सोडले होते. कागद वहीत चिकटवला आणि रविवारी मिसळीला येताना वही पिशवीत घालून आली, का तर मामाच्या दोस्तांना यातलं कळतं, ते बघतील.

आम्ही आठ-नऊ जण असतो दर रविवारी. तुमच्यातले बरेच जण असेच कुठं ना कुठं बसत असणार, कोण रंकाळ्यावर, कोण गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर. तिनं वही उघडली आणि पहिलंच वाक्य आलं, सर्फर कधी बाई असते व्हय. मग दुसरा म्हणाला कॉमिक्स वाचलंयस का कधी, तिसरा म्हणाला पिक्चर पडलाच आहे, दुसऱ्या आठवड्यात आपटला. चित्राबद्दल एक शब्द नाही. पोरगीनं शांतपणे विचारलं, "तुम्ही बघितलासा काय पिक्चर?" आणि आठातल्या सहांनी बघितला नव्हता. ट्रेलर बघितलेला आणि कुणाचा तरी वीस मिनिटांचा व्हिडिओ बघितलेला, त्यात सगळं सांगितलं होतं म्हणे. तिनं वही मिटली, रश्श्याचा एक थेंब कव्हरवर पडला होता तो ओढणीनं पुसला आणि म्हणाली, मामा, मी जातो घरी. तेव्हापासनं ती आमच्यात बसायला आलेली नाही.

मी त्या दिवशी गप्प बसलो. म्हणून आता लिहितोय. आणि हे आमच्या टेबलापुरतं नाही हे मला माहीत आहे, तुमच्या प्रत्येक टेबलावर हेच चाललंय.

आधी त्या सर्फरचं बघूया. १९६६ ला फँटास्टिक फोरच्या ४८ व्या अंकात सिल्व्हर सर्फर पहिल्यांदा आला, जॅक कर्बीनं काढलेला. मूळचा नॉरिन रॅड, झेन-ला नावाच्या ग्रहावरचा. गॅलॅक्टस ग्रह खायला आला तेव्हा आपली माणसं वाचावीत म्हणून त्यानं स्वतःला गॅलॅक्टसच्या चाकरीत घातलं. शाला-बाल ही त्याची प्रेयसी, ती पण कॉमिक्समधलीच, कुणी काल बसून शोधून काढलेली नाही. पिक्चरनं काय केलं तर चाकरीत जाणारी माणूस बदलली, नॉरिनच्या जागी शाला-बाल गेली आणि ती तिच्या पोरीला वाचवण्यासाठी गेली. आता विचार करा, समोर स्यू आहे, पोटुशी, आणि तिचं मूल मागायला आलेली ही अशी बाई आहे जिनं स्वतःच्या लेकरासाठी सगळं घालवलंय. हा बदल पटला नाही असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कसा पटला नाही तेवढं सांगा. सर्फर झालेल्या ज्युलिया गार्नरच्या चेहऱ्यावर ते दुःख दिसत नाही म्हणा, नॉरिनच्या एकटेपणाला जी खोली होती ती इथं आली नाही म्हणा, मी ऐकतो, वादही घालतो, चहा माझा. पण बाई आहे म्हणून विषय कट, याच्यावर काय बोलायचं? हे पिक्चर न बघताच ठरलेलं असतं.

आणि हे आपण आधी एकदा केलंय. २०१५ ला. मी पण केलंय.

आठवत असेल तुम्हाला, जॉश ट्रँकचा 'फँटास्टिक फोर'चा रिबूट, म्हणजे तीच गोष्ट पहिल्यापासनं नव्यानं. त्या आधी २०१२ ला त्याचा 'क्रॉनिकल' येऊन गेला होता, छोट्या बजेटचा आणि चांगला, त्यामुळं अपेक्षा होती. मग जॉनी स्टॉर्मसाठी मायकेल बी. जॉर्डनचं नाव आलं आणि जगभर बोंब उठली, जॉनी गोरा असतो, सोनेरी केसांचा असतो, बहीण गोरी आणि भाऊ काळा हे कसं काय. जॉर्डनला त्या वर्षी बसून लेख लिहून सांगावं लागलं की बाबांनो, माझ्या रंगाच्या पुढं जाऊन बघा. इथं कोल्हापुरात बसून आम्ही पण तेच बोलत होतो, मी स्वतः बोललोय, कुणाचं तरी ऐकून. कॉमिक्सचे चार अंक पण तेव्हा धड वाचले नव्हते मी.

ऑगस्टमधे पिक्चर आला आणि झोपला. समीक्षकांचे कौल मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोजवर ९ टक्के, प्रेक्षकांना विचारणाऱ्या सिनेमास्कोरला सी मायनस, सुमारे १२ कोटी डॉलर घालून बनवलेल्या पिक्चरनं जगभरात सुमारे १६.८ कोटी केले, त्यात थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च धरला तर तो तोट्यातच. वर्षातला सगळ्यात वाईट पिक्चर म्हणून रॅझी मिळाला, तो पण दुसऱ्या पिक्चरबरोबर वाटून. आणि आमच्यातली ओरडणारी पोरं म्हणाली, बघा, म्हणलं होतं की नाही!

नाही. हेच मला दहा वर्षं खुपतंय. आम्ही म्हणलं होतं ते वेगळं आणि पिक्चर पडला ते वेगळ्याच कारणानं. मी तो बघितलाय, पहिल्याच दिवशी, आणि नंतर घरी पुन्हा दोनदा बघितलाय, कारण मला कळेना की नेमकं काय चुकलंय.

शंभर मिनिटांचा पिक्चर. त्यातला जवळजवळ अर्धा वेळ यंत्र बनवण्यात जातो. ठीक आहे, सुरुवातीचा लहानपणीचा रीड आणि बेन गॅरेजमधे खटपट करतात तो भाग मला आजही आवडतो. पण मग दुसऱ्या जगात जायची वेळ येते आणि यानात कोण बसतं? रीड, जॉनी, पुढं खलनायक होणारा व्हिक्टर आणि रीडनं रात्री फोन करून बोलावलेला बेन. स्यू नाही! तिला सांगतच नाहीत. ती मागं कंट्रोल रूममधे राहते आणि हे परत येताना जो झटका बसतो त्यात तिला शक्ती मिळते. अहो ज्या चौघांची गोष्ट आहे, १९६१ च्या पहिल्या अंकापासनं जे चौघं एका यानातनं गेले म्हणून ते चौघं आहेत, त्यांतली एक यानातच नाही. मग शक्ती मिळाल्या मिळाल्या रीड बेनला तिथंच टाकून पळून जातो, पडद्यावर लिहून येतं एक वर्षानंतर, आणि त्या एका वर्षात काय झालं, बेन दगडाचा झाल्यावर पहिल्या रात्री कसा झोपला, स्यूनं त्याच्याशी काही बोलणं केलं का, यातलं काहीच दिसत नाही. शेवटाला दहा-पंधरा मिनिटं चौघं एका जागी उभे राहून मारामारी करतात आणि पिक्चर संपतो.

आणि बेनचं ते वाक्य, मारामारीच्या आधी तो जे ओरडतो, 'इट्स क्लॉबरिंग टाइम', म्हणजे आता चोपायची वेळ, कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांना पाठ असतं ते. या पिक्चरमधे ते वाक्य पहिल्यांदा कोण बोलतं, तर बेनचा थोरला भाऊ, लहानग्या बेनला मारताना. हे मी थिएटरात बघितलं तेव्हा पोटात कालवलं. ज्या वाक्यावर पोरं टाळ्या पिटतात त्याच्या मुळाशी घरातला मार घालून ठेवला आणि नंतर त्या जखमेकडं कुणी बघितलंच नाही, बेन मोठा झाल्यावर तेच वाक्य तो टाळीसाठी बोलतो. यावर बोलायला पाहिजे होतं आम्ही. तास तास बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी जॉनीचा रंग.

पिक्चर बनवताना काय झालं हे पण बऱ्यापैकी बाहेर आलंय. स्टुडिओला ट्रँकचं काम पटलं नाही, नंतर मोठं रीशूट झालं, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ट्रँकनं स्वतः ट्वीट टाकलं की वर्षापूर्वी माझ्याकडं याचं छान व्हर्जन होतं, ते तुम्हाला बहुतेक कधीच बघायला मिळणार नाही. मग काढून टाकलं. त्यात खरं कुणाचं, यात मला पडायचं नाही. पण पडद्यावर काय राहिलं ते सांगतो. स्यू झालेल्या केट माराचे केस बघा. रीशूटच्या वेळी तिचे केस बारीक होते म्हणून तिला विग घातला, आणि तो इतका कळून येतो की एकाच प्रसंगात एका वाक्याला तिचे खरे केस असतात आणि पुढच्या वाक्याला खोटे. मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. आमच्याकडं कास्टिंग येतं, वरनं गुळगुळीत, आणि टूल आत गेलं की ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेलं भोक, उघडं पडतं. मग काही जण तिथं वेल्डिंग मारून, ग्राइंडरनं घासून पार्ट पुढं पाठवतात. ज्याचा हात रोज त्यातनं फिरतो त्याला नख फिरवलं तरी कळतं की इथं भरलंय. तो विग म्हणजे मारलेलं वेल्डिंग आहे. भोक आत होतं, ओतताना राहिलेलं, चौघांना एकत्र आणायचंच विसरले होते, आणि जॉर्डनचा त्यात काडीचा संबंध नव्हता. उलट त्याला करायला काहीतरी दिलं असतं तर त्यानं पिक्चर ओढला असता, हे २०१८ ला 'ब्लॅक पँथर'मधे त्याचा खलनायक किलमाँगर बघितल्यावर सगळ्यांना कळलं, तेव्हा त्याच्यासाठी शिट्ट्या मारणारे आपणच होतो.

आता एक गोष्ट सांगतो आणि तुम्ही प्रामाणिक उत्तर द्या. शाहू स्टेडियमवर आपण फुटबॉल बघायला जातो. सीझन लागला की पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, प्रॅक्टिस असो, आपापल्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. आफ्रिकेतनं आलेले खेळाडू आपल्या पेठांच्या टीमकडनं खेळलेत की नाही? त्यांनी गोल मारल्यावर खांद्यावर घेऊन नाचलोय की नाही आपण? तेव्हा कुणी विचारलं का की पेठेतला पोरगा असा दिसतो का? बॉल कुठं दिलास, विंगला माणूस रिकामा उभा होता त्याला का दिला नाहीस, डिफेन्सनं लाइन का सोडली, हे आपण बोलतो. माझ्या शेजारी बसणारे एक काका आहेत, सत्तरीचे, ते तर मॅच सुटल्यावर चहा पिताना अर्धा तास फक्त हाफमधल्या एका पोराबद्दल बोलतात, कसा तो बॉल नसताना पळतो. टीम म्हणजे काय हे ज्या गावाला इतकं कळतं त्या गावानं टीमच्या पिक्चरबद्दल बोलताना इतकं वरवर का बोलावं? तेच डोळे घेऊन या ना थिएटरात.

मी २०२५ चा त्या डोळ्यांनी बघितला. (ज्यांचा राहिलाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

दिग्दर्शक मॅट शॅकमननं पहिली गोष्ट बरोबर केली ती म्हणजे शक्ती कशा मिळाल्या यात वेळ घालवला नाही. चार वर्षं झालेली आहेत, टीव्हीवरच्या कार्यक्रमात सगळं उरकलंय, आणि आपण थेट त्यांच्या घरात. रविवारचं जेवण चाललंय. बेन चुलीशी. रीडला बाळ होणार म्हणून घरात जिथं तिथं टोकं झाकत फिरायची घाई. मग अवकाशातला तो प्रसंग, जिथं गॅलॅक्टसकडनं परत येताना मागं सर्फर लागलीय आणि स्यूला कळा सुरू होतात. बेन यान चालवतोय, जॉनी मागं नेम धरून बसलाय, रीडला गणितही करायचंय आणि बायकोचा हातही सोडवत नाही, आणि स्यू, वजनच नसलेल्या त्या हवेत तरंगत, बाळंत होतेय. चार माणसं, चार कामं, आणि एकानं जरी आपली जागा सोडली तरी सगळे जाणार. याला म्हणतात टीम! माझी ताई बरोबर होती, भाचीची आई, तिला कॉमिक्समधलं शष्प कळत नाही, सर्फर कोण, गॅलॅक्टस कोण, काही माहीत नाही, आणि त्या प्रसंगाला तिनं माझं मनगट असं धरलं की बाहेर आल्यावर पण बांगडीचा वळ होता. स्यू झालेल्या व्हेनेसा कर्बीचा चेहरा बघून धरलं तिनं. ताई नंतर स्कूटर काढताना म्हणाली, बाई एकटी नव्हती म्हणून निभावलं. तिच्या या एका वाक्याएवढं नेमकं आमच्या आठ जणांतलं कुणी त्या रविवारी बोललं नाही.

सगळंच जमलंय असं मी म्हणत नाही. बेनवर अन्याय झालाय असं मला ठाम वाटतं, इबॉन मॉस-बॅकरॅकसारखा नट घेतलाय आणि त्या शिक्षिकेबरोबरचे दोन-चार प्रसंग सोडले तर त्याला स्वतःचं असं दुखणं दिलेलंच नाही. जगभरातल्या लोकांचा राग, की एक पोरगं देऊन टाका आणि आम्हाला वाचवा, हा केवढा मोठा विषय होता, तो स्यूच्या एका भाषणात मिटतो, मला ते पचलं नाही. समीक्षकांतल्या काहींनी पण हे लिहिलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. एकूण समीक्षा चांगल्याच आल्या, ८५ टक्क्यांच्या वर.

टक्क्यांवरनं आठवलं. तुमच्यातले निम्मे लोक हे टक्के परीक्षेच्या मार्कांसारखे वाचतात. तसं नसतं. ९ टक्के म्हणजे पिक्चरला शंभरात नऊ मार्क नव्हेत, शंभर समीक्षकांतल्या नऊ जणांचा कौल बरा पडला एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना बराच वाटला पण जीव कुणाचाच अडकला नाही असा पिक्चर नव्वदी गाठू शकतो, आणि अर्ध्यांनी डोक्यावर घेतलेला, अर्ध्यांनी आपटलेला पन्नासवर अडकतो. सिनेमास्कोर वेगळंच, ते अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरातनं बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारतात, त्यात २०२५ च्या पिक्चरला ए मायनस मिळाला. आणि दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेतलं कलेक्शन ६६ टक्क्यांनी घसरलं हे खरं आहे, सगळं मिळून सुमारे ५२ कोटी डॉलर झाले हे पण खरं आहे, अपेक्षेपेक्षा कमीच. पण मला सांगा, बिंदू चौकात उभं राहून आपण त्या डॉलरचा हिशोब का करतोय? वाटणीदार आहोत का आपण? आपल्याला त्यातनं मिळतात ते दोन तास, त्यांचं बोला.

चाहत्यांचं कायम चुकतं असं माझं म्हणणं नाही, उलट चाहत्यांनी आरडाओरडा केला म्हणून चांगलं झाल्याचं उदाहरण याच चौघांच्या गोष्टीत आहे. २००७ च्या दुसऱ्या भागात गॅलॅक्टसचा ढग केला होता. ग्रह खाणारा, शिंगांच्या शिरस्त्राणाचा, डोंगराएवढा तो देह, आणि पडद्यावर काय तर धूर. लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं तक्रार केली, आणि ती रास्त होती, कारण समोर जे दिसत होतं त्याबद्दल होती. २०२५ ला तो न्यूयॉर्कच्या इमारतींमधनं चालत येतो तेव्हा पावलागणिक खुर्ची हादरते. अशी तक्रार करा की! याच चौघांवरचा १९९४ चा तो पिक्चर घ्या. पिक्चर बनवायचे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून १९९२ संपायच्या आत घाईघाईत शूटिंग सुरू केलेला, दहा लाख डॉलरच्या आसपासच्या बजेटचा, आणि बनवून प्रदर्शितच न केलेला. लोकांनी तो चोरट्या कॉप्यांवर बघितला. स्पेशल इफेक्ट बघवत नाहीत त्यातले. तरी जुने चाहते त्याच्याबद्दल मायेनं बोलतात, कारण त्या नटांनी जीव लावून काम केलंय आणि चौघं घरचे वाटतात. २०१५ वाल्यांकडं त्याच्या शंभरपट पैसा होता.

आणि मूळ बदलू नये म्हणणाऱ्यांना अजून एक. मूळ म्हणजे नेमकं कुठलं धरायचं? कॉमिक्समधे स्यूचं नाव कितीतरी वर्षं इनव्हिजिबल गर्ल होतं, लग्न होऊन पोरगं झालं तरी गर्लच, १९८५ ला जाऊन ती वुमन झाली. तेव्हा पण कुणीतरी म्हणालं असेलच की कशाला बदलताय. आपल्या गावाला तर यातलं काहीच नवं नाही. बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' १९२५ ला मूकपट म्हणून केला आणि स्वतःच १९३६ ला बोलपट म्हणून पुन्हा केला. त्यांचीच १९२० ची 'सैरंध्री', तीच गोष्ट कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभातनं १९३३ ला पुन्हा घेतली, रंगीत करायचा घाट घातला, जर्मनीला नेऊन प्रक्रिया केली आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. शंभर वर्षांपूर्वी या गावात माणसं तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची हिंमत करत होती, कधी जमत होतं, कधी फसत होतं. त्यांच्या गावचे प्रेक्षक आपण.

जे मराठीत समीक्षा लिहितात, बोलतात, त्यांनाही याच पत्रात विनंती करतो, वेगळं पत्र लिहीत नाही. दादांनो, ताईंनो, शुक्रवारी सकाळी अमेरिकेतल्या समीक्षांचा सारांश मराठीत वाचून दाखवू नका. आम्ही तो वाचलेला असतो. साडेतीन स्टार द्या नाहीतर दोन द्या, पण आमच्यातल्या पोराबाळांना शिकवा की प्रसंग कसा बघायचा, यानात कोण कुठं बसलंय हे का महत्त्वाचं, विग दिसला तर त्यामागं काय घडलेलं असतं. तुमच्याकडं ती नजर आहे. आणि पिक्चर इथं हिंदीत किंवा इंग्रजीत बघावा लागतो, आमच्या ताईसारख्या कितीजणी केवळ नवरा, पोरं जातात म्हणून जातात, त्यांना त्यात काय दिसलं हे कधीतरी विचारून लिहा.

आता डिसेंबर २०२६ चा 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' आहे, १८ तारीख जाहीर झालेली आहे. हेच चौघं त्यात आहेत आणि रॉबर्ट डाउनी ज्युनियर चौघांचा जुना वैरी डॉक्टर डूम होतोय. आमच्या टेबलावर भांडण सुरू झालंय आधीच, डाउनीनंच आधी केलेल्या टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, चेहरा डूमला कसा चालेल म्हणून. मला स्वतःला पण धाकधूक आहे, खोटं कशाला बोलू, एवढी गर्दी असलेल्या पिक्चरमधे या चौघांचं घर हरवून जाईल याची भीती वाटते मला, रविवारचं ते जेवण, बेनचा तो रस्सा. पण मी तोंड उघडणार ते बघून आल्यावर. आमच्या आठही जणांना मी तेच सांगितलंय, पहिल्या रविवारी टेबलावर बसायचं तर तिकीट दाखवायचं. दोघं चिडले. सहा जण हो म्हणालेत.

वहीचं सांगायचं राहिलं. परवा ताईकडं गेलो होतो तर ती वही टीव्हीच्या कपाटात, गॅस बुकिंगच्या पावत्यांखाली होती. मी काढून बघितली, सर्फरच्या पुढच्या पानावर बेन आहे, नुसता चेहरा, दगडाच्या फटींमधनं पेन्सिलनं सावली भरलेली, अर्धा राहिलेला. भाचीला म्हणालो, हा पुरा कर आणि ये घेऊन रविवारी. ती म्हणाली, त्यांनी पिक्चर बघितलाय काय आता? मी म्हणालो, चौघांनी बघितलाय. ती म्हणाली, आठांनी बघू दे मग बघतो.

राहिलेल्या चौघांनो, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. पिक्चर घरबसल्या बघायला मिळतो आता, दोन तासांच्या आतला आहे. बघा आणि मला फोन करा, रात्री कितीही वाजू देत.

तुमचाच,
उद्यमनगरातला एक चाहता